पाथर्डीचे मच्छीमार

अन्याय झाला तो अश्विनी अंबादास बडे हिच्यावर. तालुका पाथर्डी, एम.ए. समाजशास्त्र, दुसरं वर्ष. कधी झाला? गेल्या मे महिन्यातल्या पहिल्या सोमवारी, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी. कुठं? नगरला, आमच्या कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर, विभागातल्या पंख्याखालच्या टेबलाशी. केला प्रा. डॉ. ताकटे यांनी, विभागप्रमुख. बघत होतो आम्ही अकरा जण. अकरातला एकही तोंड उघडून बोलला नाही. मीही नाही.

हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं सरांचं वर्णन सुरू झालं की तुम्हाला हसू येणार. येऊ द्या, सर होतेच तसे. फक्त हसता हसता ते बारा वाजून वीस मिनिटं विसरू नका.

सर या महिनाअखेरीला निवृत्त होतायत. त्यांचा गौरव अंक निघतोय, शाल-श्रीफळ आहे, माजी विद्यार्थ्यांचं जेवण आहे. समितीवाले मला म्हणाले, "तू पत्रकं लिहितोस, तुझा हात चालतो, 'आठवणीतले सर' म्हणून दोन पानं दे." दिली. त्यांनी ती वाचली आणि पाकिटात घालून परत केली. ती दोन पानं थोडी वाढवून आता तुमच्या हातात देतोय.

सरांची पहिली ओळख म्हणजे त्यांचा खिसा. शर्ट कुठलाही असो, खिशात चार पेनं. एक निळं बॉलपेन, एक काळं, एक निळ्याच शाईचं पण जाड टोकाचं, आणि चौथं शाईचं, ज्याच्या टोपणाला दोरा गुंडाळलेला. परक्या माणसाला वाटायचं, काय अभ्यासू माणूस आहे! पण ती चारही पेनं सरांच्या लिहिण्याची नव्हती. ती आमच्या लिहिण्याची होती. ते असं.

समाजशास्त्रात सर्वेक्षण लागतं. सर्वेक्षणाला प्रश्नावली लागते. प्रश्नावलीला उत्तर देणारा माणूस लागतो, आणि माणसापर्यंत जायचं तर उन्हात चालावं लागतं. सरांना ऊन सोसत नसे. म्हणून माणूस वगळून बाकी सगळं सर करत. दरवर्षी दिवाळीनंतर एका दुपारी वर्गाचं दार ओढून घेतलं जाई, कोऱ्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा फिरे, आणि सर खुर्चीवर मांडी घालून सांगायला लागत, "पहिला बाक समाधानी. दुसरा बाक फार समाधानी. मागचे दोघं असमाधानी. सगळेच समाधानी दाखवले तर तपासणारा संशय घेतो. थोडं असमाधान ठेवा, मिठाएवढं." पाच-पाच प्रश्नावल्या झाल्या की टाळी वाजायची आणि आरोळी यायची, "पेन बदला!" मग शेजाऱ्याशी पेन बदलायचं, अक्षर थोडं तिरकं करायचं, आणि एका मेंढपाळाचा शिक्षक होऊन पुढं लिहायचं.

आमच्या वर्गात सॅमी होता, नगरच्याच चर्चजवळचा, दोन्ही हातांनी सारखंच लिहिणारा. सर त्याच्यावर खूश. "सॅम्युअल म्हणजे दोन उत्तरदाते," असं ते परीक्षकांसमोर सोडून सगळीकडे अभिमानानं सांगत.

या पद्धतीनं सरांनी बचत गट अभ्यासले, हुंडा अभ्यासला, राळेगणसिद्धीचं पाणलोट अभ्यासलं. राळेगणला सर एकदाही गेले नव्हते. पारनेरच्या बसला हात करतानाही त्यांना कुणी पाहिलं नसेल. एकदा तिथला एक दूधवाला मुलाच्या प्रवेशासाठी विभागात आला. भिंतीवर लावलेला त्या अभ्यासाचा चकचकीत तक्ता त्यानं बोट ठेवून वाचला आणि विचारलं, "सर, तुमी आमच्या गावात कवा आल्तात? आमाला कुनालाच कसं दिसला न्हाई?"

सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "संशोधक अदृश्यच असावा लागतो."

दूधवाल्यानं मान हलवली. बिचाऱ्याला पटलं. आम्ही बाहेर व्हरांड्यात जाऊन पोट धरून हसलो. तेव्हा हसायला काही लागत नव्हतं, कारण तेव्हा कुणाचं काही बुडत नव्हतं. निदान आमचं तरी नव्हतं.

सर प्रबंध वाचत नसत, तोलत. तळहातावर घेऊन दोनदा वरखाली करायचे. "वजन आहे. छान." किंवा, "हलकं आहे बाळा, परिशिष्ट वाढव." शिकवताना वहीतून सांगत आणि आम्ही उतरवून घेत असू. कुणी मध्येच शंका विचारली, की सर वहीतून मान वर न काढता म्हणत, "एवढं पण येत नाही का?" रागानं नाही. ओरडून तर नाहीच. दारातल्या कुत्र्याला हाड म्हणावं तितक्या सहज. एम.ए.च्या दोन वर्षांत मी स्वतः तीन शंका विचारल्या. चौथी विचारली नाही.

एक गोष्ट मात्र लिहिली पाहिजे, नाहीतर हे पत्रक होईल, माणूस होणार नाही. सॅमीला डेंग्यू झाला, आईबाप पुण्याला होते, तेव्हा सर रोज स्कूटरवरून सिव्हिल हॉस्पिटलात डबा घेऊन जायचे. सॅमीला मुगाची खिचडी भरवली त्या माणसानं. सलग सहा दिवस. त्याची परतफेड म्हणून सॅमी आज गप्प आहे. सॅमीच्या गप्प बसण्यामागं खिचडी तरी आहे. आपल्या बाकीच्यांच्या गप्प बसण्यामागं काय आहे, ते शोधतोय.

आता चॅटबॉटकडं येतो.

सुरुवातीला सर बॉटला 'पोपट' म्हणत. नोटीस बोर्डावर त्यांच्या हस्ताक्षरात कागद लागला होता: "विभागात कुणी पोपटाकडून उत्तरे लिहून आणल्यास गय केली जाणार नाही." मग कॉलेजनं एका कंपनीकडून स्वतःचा बॉट घेतला, विद्यार्थ्यांसाठी, मराठीत बोलणारा. उद्घाटनाला संगणकाला हार घातला, नारळ फोडला, पाणी कीबोर्डवर उडालं ते शिपाईमामांनी टॉवेलनं पुसलं. पहिला प्रश्न विचारायचा मान सरांना. कारण संस्थेला अहवाल हवा होता, मुलं बॉट वापरतात का, त्यांना तो वापरायला सोपा जातो का, आणि त्या कामाचे समन्वयक नेमले गेले होते आमचे सर. रातोरात पोपटाचं पद वाढलं. सरांनी एका बोटानं टाइप केलं, "नमस्कार. आपण कसे आहात?" आणि उत्तर येईपर्यंत खुर्चीत सरळ बसून राहिले. आम्हाला दोन वर्षं 'ए बाळा', आणि यंत्राला 'आपण'.

बॉटनं त्यांना आदरणीय म्हटलं. सरांनी वळून आमच्याकडं पाहिलं, 'शिका जरा' असं.

त्या वर्षी वर्गातल्या सगळ्यांना प्रबंधासाठी तोच विषय मिळाला: उच्च शिक्षणात विद्यार्थ्यांकडून चॅटबॉटचा वापर आणि त्याची उपयोगसुलभता. सगळ्यांच्या प्रश्नावल्या एकत्र करून सर स्वतःचा शोधनिबंध करणार होते. अश्विनीनं हात वर केला.

"सर, खरंच जाऊन विचारायचं का?"

वर्ग हसला. सरही हसले. "जा की. विचार की. आम्ही कुठं अडवलंय?"

त्यांना वाटलं पोरगी गंमत करतेय. अश्विनीला गंमत करता येत नाही. ही तिची पहिली चूक.

अश्विनीबद्दल थोडं सांगतो. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. ती होस्टेलवर असते, सुटीला पाथर्डीच्या बसनं गावी. बोलते कमी, पण समोरच्याचं बोलणं पुरं झाल्याशिवाय मध्ये तोंड घालत नाही. ही सवय आमच्या विभागात फक्त तिलाच आहे. घरी ठरलंय ते असं: एम.ए. पास झाली तर बी.एड. करू द्यायचं. नापास झाली तर दिवाळीनंतर लग्न, आणि लग्न म्हणजे नवऱ्याबरोबर कोयता. आमच्याकडं ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. तिच्यापुढं दोनच रस्ते होते आणि मधे उभे होते ताकटे सर.

कॉलेजचा बॉट किती सोपा आहे ते मी पहिल्यांदा तिच्याबरोबरच पाहिलं, कॉलेजच्या पायऱ्यांवर. आत शिरायचं तर प्रवेश अर्जात दिलेल्या मोबाईलवर सहा आकडी ओटीपी येणार. प्रवेश अर्जात नंबर आईचा. आई साखर कारखान्याच्या पट्ट्यात, उसाच्या फडात. अश्विनीनं मैत्रिणीच्या फोनवरून आईला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"आई, नंबर आला का बघ गं. सा आकडे हायेत."

"थांब, हात चिकाट हायेत... आलाय काय तरी. पर मला कुटं वाचाया येतंय? मुकादमाला देते."

मुकादमाचा आवाज, घशात तंबाखू. "हां. चार. शून्य. पुढं... ह्यो सात हाय का येक? काच फुटल्यालीय ओ हिची. सात धर. पोरी, बँकेचं न्हाई ना काय? उद्या माज्या डोक्यावं यायचं."

"न्हाई काका, कॉलेजचंय. पुढं?"

"पुढं... बंद झाली स्क्रीन."

तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. पुन्हा मागवला. पुन्हा संपली. तिसऱ्यांदा बॉटनं लिहिलं, "कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा." थोड्या वेळानं फडात गाडी भरायची होती. त्या दिवशी बॉट राहिला.

मग मुलींनी शोध लावला. होस्टेलवर एकीच्या प्रवेश अर्जातला नंबर तिच्या स्वतःच्या फोनचा होता. तिच्या एकाच लॉगिनवरून आठ जणी विचारायला लागल्या. बॉटला वाटायचं ही एकच मुलगी. सकाळी ती समाजशास्त्र विचारते, दुपारी हिशेबशास्त्र, संध्याकाळी पाळी लांबण्याबद्दल, आणि लगेच वनस्पतिशास्त्र. एकीनं निबंधाबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "तुमची तब्येत आता कशी आहे?" कॉलेजच्या नोंदीत मात्र सात मुली 'बॉट वापरत नाहीत' आणि एक 'अतिवापर करते'. तिला बोलावून समज दिली. समज कुणी दिली? समन्वयकांनी.

हे सगळं अश्विनीनं लिहून काढलं. पाथर्डीत, गावागावात, बसमध्ये, आणि जे आईबापांसोबत फडावर गेले होते त्या विद्यार्थ्यांना फोनवर विचारून. बासष्ट प्रश्नावल्या. सगळ्या तिच्याच हातानं, एकाच निळ्या पेनानं. कारण फोनवरचा मुलगा कागदावर लिहिणार कसा? आणि समोरचे म्हणत, "तूच लिही, आमचं अक्षर घाण हाय." तो सांगेल तसं लिहायचं, मग वाचून दाखवायचं, मग खाली त्याचा फोन नंबर. ही तिची दुसरी चूक. आमच्या विभागाच्या कायद्यात एक पेन म्हणजे खोटं.

तिच्या प्रश्नावलीतला चौदावा प्रश्न मी वाचलाय. "शंका आधी कुणाला विचारता, सरांना की बॉटला? का?" बॉटची तारीफ नव्हती त्यात. "त्याचं मराठी जाहिरातीसारखं आहे." "चुकतो आणि चुकल्यावर गोड बोलतो." "आमच्या गावच्या तलावाची माहिती दिली. आमच्या गावाला तलावच नाही." पण उत्तर मात्र बहुतेकांचं 'बॉटला'. आणि 'का'च्या पुढं, वेगवेगळ्या गावच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या मुलामुलींनी सांगितलेलं एकच: "दहा वेळा विचारलं तरी 'एवढं पण येत नाही का' असं म्हणत नाही."

याच दिवसांत, अश्विनी गावी असताना, इकडं विभागाचं दार ओढून घेतलं गेलं. या वेळी सर जास्तच खुशीत होते. हातात छापील कागदांची चळत. "यंदा डोकं चालवायची गरज नाही. उत्तरं तयार आहेत." उत्तरं बॉटकडूनच घेतली होती. ग्रामीण विद्यार्थ्यांना बॉट कसा वाटतो, हे सरांनी बॉटलाच विचारलं, आणि त्यानं हवे तेवढे विद्यार्थी तयार करून दिले. नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय, समाधानी, फार समाधानी, मिठाएवढे असमाधानी. आमचं काम फक्त हातानं उतरवायचं. "छापील दिलं तर तपासणारा ओळखतो," सर म्हणाले. "हस्ताक्षरात जीव असतो." आणि प्रत्येकाला एक समोसा.

माझ्या वाट्याच्या तिसऱ्या कागदावर लिहिलेलं होतं: तालुका पाथर्डी, वडिलांचा व्यवसाय मच्छीमार.

मी सॅमीला कोपर मारलं. "सॅम्या, पाथर्डीत मच्छीमार?"

सॅमीनं डाव्या हातानं लिहिता लिहिता माझ्या कागदात डोकावून पाहिलं. "टँकरमध्ये धरत असतील मासे. लिही गपचूप, समोसा गार होतोय."

"अरे माझ्याकडं पण दोन आहेत," मागून कुणीतरी म्हणालं.

"काय कुजबुज आहे?" सर खुर्चीवरून. "पेन बदला!"

मी पेन बदललं. मी काश्टीचा, आमच्याकडं निदान नदी तरी आहे. पाथर्डी तालुका मला माहीत आहे, तिथं उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात. आणि मी, जो चौकात उभा राहून पाण्यावर पत्रकं वाटतो, मी माझ्या हातानं, जाड टोकाच्या पेनानं, थोडं तिरकं अक्षर काढून लिहिलं: मच्छीमार. समोसा पण खाल्ला.

आता तो सोमवार.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. त्यांना परतीची गाडी गाठायची होती, त्यामुळं ते घड्याळाकडंच बघत होते. आमचे अकरा प्रबंध सरांनी एकेक करून त्यांच्या हातात दिले. त्यांनीही तोलले. ही विद्या सगळीकडे आहे वाटतं. मग अश्विनीचा नंबर आला. सरांनी तिच्या प्रश्नावल्या पत्त्यांसारख्या टेबलावर पसरल्या आणि शेजारी आमच्या ठेवल्या.

"हे बघा सर," परीक्षकांना म्हणाले, "इकडं माणसं दिसतात. निळी शाई, काळी शाई, कुणी डावखुरा, कुणी घाईत. आणि हिच्याकडं बघा. एक पेन. एक हात. बासष्ट माणसं."

परीक्षक हसले. "बेटा, निदान पेन तरी बदलायचं."

आम्ही हसलो. अकराच्या अकरा. मला तो आवाज अजून ऐकू येतो, कारण त्यातला एक माझा होता.

अश्विनी म्हणाली, "सर, मीच लिहिलंय सगळं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं."

"म्हणजे कबूल आहे," परीक्षक म्हणाले, आणि पेनाचं टोपण काढलं.

"तसं नाही सर. प्रत्येकावर फोन नंबर आहे. आत्ता लावा. कुणालाही लावा."

"इथं तोंडी परीक्षा चालू आहे," ताकटे सर म्हणाले. "टेलिफोन एक्स्चेंज नाही. आणि प्रश्नावली दुसऱ्याकडून भरून घ्यायची असते बाळा. एवढं पण येत नाही का?"

भिंतीवरच्या घड्याळात बारा वीस. शेरा: 'माहिती बनावट.' गुण: शून्य. प्रबंधात नापास म्हणजे एम.ए. नापास. तिनं प्रश्नावल्या परत मागितल्या, तर सर म्हणाले, "त्या पुरावा म्हणून विभागात राहतील." ती दारातून बाहेर गेली तेव्हा मी खाली बघत होतो, चपलेचा पट्टा तपासत होतो. पट्ट्याला काही झालं नव्हतं.

आठवड्यानं तिची आई आली. फड संपला होता. हातावर उसाच्या पात्याचे ओरखडे, अंगावर धुतलेलं पातळ, हातात पिशवी, पिशवीत सरांसाठी शेंगा. शेंगा! ज्या माणसानं पोरीचं वर्ष खाल्लं त्याला शेंगा.

"सर, पोरगी खोटं न्हाई लिहीत," ती उभ्यानंच म्हणाली. "ती इचारायची, मी आयकायची. वटीपी आला की मी कोयता खाली टाकून मुकादमाकडं पळायची. मुकादम शिव्या द्यायचा. ते समदं तिच्या कागदात हाय, तिनं मला वाचून दावलंय. मग त्ये बनावट कसं हुतं?"

"मावशी, हा विद्यापीठाचा विषय आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"न्हाई कळत," ती म्हणाली. "पर मी तितं हुते. तुमी हुता का?"

सरांनी शेंगांची पिशवी शिपाईमामांकडं सरकवली. संशोधक अदृश्य असावा लागतो.

सरांचा शोधनिबंध छापून आला. मी घेऊन वाचला. तक्ता क्रमांक दोनमध्ये, पाथर्डी तालुक्याच्या ओळीत, शेतकरी, मजूर, नोकरदार आणि त्यांच्या खाली सुबक ठशात: मच्छीमार. निष्कर्ष असा, की मच्छीमार कुटुंबातील विद्यार्थी चॅटबॉटवर विशेष समाधानी आहेत. सरांनी वाचला नाही, सहलेखकांनी वाचला नाही, छापणाऱ्यांनी वाचला नाही. सगळ्यांनी तोलला असणार.

म्हणजे खोटं ठरलं खरं, कारण त्यात चार पेनं होती. आणि खरं ठरलं खोटं, कारण त्यात एकच होतं. एवढंच आहे हे प्रकरण. समजायला बॉट लागत नाही.

मी सरांना शेवटचं पाहिलं ते गेल्या गुरुवारी. गौरव समितीनं परत केलेला लेख त्यांच्या तोंडावर वाचून दाखवावा अशा तिरमिरीत मी विभागात गेलो. सर कपाट आवरत होते. खालच्या कप्प्यातल्या वह्या, हारांचे सुकलेले दोरे, स्मृतिचिन्हांची रिकामी खोकी, सगळं जमिनीवर. आणि सर स्टुलावर बसून, चष्मा कपाळावर चढवून, काहीतरी वाचत होते. सरांना वाचताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. जवळ गेलो तर निळं पेन, एकच हात. अश्विनीच्या प्रश्नावल्या. बराच वेळ वाचत असावेत, निम्मा गठ्ठा उजव्या बाजूला उलटा ठेवलेला होता.

"पत्रकवाले," मान वर न काढता म्हणाले. मला ते अशीच हाक मारतात. "हे 'एवढं पण येत नाही का'... मी म्हणतो असं?"

"रोज म्हणता सर."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

त्यांनी आणखी एक प्रश्नावली उलटली. मग आणखी एक. "मला वाटायचं पोरं हसतात त्यावर," असं काहीतरी पुटपुटले. एक क्षण त्यांच्या चेहऱ्यावर ते खिचडीचा डबा नेणारे सर दिसले, शपथ.

मी म्हणालो, "सर, म्हणजे तुम्हाला कळलंय या खऱ्या आहेत. बॉटला हे सुचलं नसतं, आणि तिलाही असं बासष्ट वेळा रचता आलं नसतं. एक ओळ लिहून द्या. फेरतपासणीची मुदत सोमवारपर्यंत आहे. तिचं वर्ष वाचेल."

सर उठले. गठ्ठा नीट ठोकून सरळ केला, दोरी बांधली. मला वाटलं, देणार. त्यांनी तो कपाटात ठेवला, दार लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली, चार पेनांच्या मागं.

"विभागाची मालमत्ता आहे," म्हणाले. "माझ्यानंतर येईल तो बघेल. आता निरोपाच्या वेळी मी काय नवीन उकरून काढू?" दारात थांबले. "आणि लेखात ते पेनाचं बिनाचं नको लिहूस. मुलांवर प्रेम केलं, एवढं लिही."

मग जिन्यानं खाली गेले, कठड्याला धरून, सावकाश. खाली अंगणात समितीवाले फोटोसाठी थांबले होते. सरांनी खिसा नीट केला आणि हसले.

तर आता तुम्हाला सांगतो. तुम्ही म्हणजे जे ताकटे सरांकडं शिकले ते, मागच्या वर्षीचे, त्याच्या मागच्या वर्षीचे, आज शिक्षक असलेले, ग्रामसेवक असलेले, बँकेत असलेले. शनिवारच्या जेवणाला येणार आहात ना? फेटे बांधून घेणार आहात ना? या. जेवा. पण मग सोमवारी सकाळी अकरा वाजता प्राचार्यांच्या ऑफिससमोर पण या. अश्विनी तिथं अर्ज घेऊन उभी असेल, तिची आई असेल, मी असेन. मी माझं लिहून दिलंय: "पाथर्डीचा मच्छीमार मी आहे. ती प्रश्नावली मी विभागात बसून, सरांच्या सांगण्यावरून, पेन बदलून भरली." खाली नाव आणि सही. पण एकट्याचं कुणी ऐकत नाही. प्राचार्य म्हणतात, हा चळवळ्या आहे, याला सवयच आहे.

तुम्ही कोण झाला होतात? मेंढपाळ? बचत गटाच्या अध्यक्षा? दुसरा मच्छीमार? सॅमी, तू तर दोघं होतास. खिचडीचं ऋण सहा दिवसांचं होतं, तू दोन वर्षं फेडलंस, पुरे. एक कोरा कागद घ्या. कोण झाला होतात ते लिहा, सही करा, आणि सोमवारी अकरा वाजता तो घेऊन या. पेन मात्र मध्ये बदलू नका.